तुमची चाल राहिली, मामा

मामा, काल दुपारी शाळेतून आले आणि उंबऱ्यात चपला काढता काढता विचारलं, "मांडलाय का?" पुढच्या खोलीतून उत्तर आलं नाही, तेव्हा भानावर आले. आत आत्या भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. परातीतला आवाज तेवढा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमचा दिवाण, समोर माझी प्लॅस्टिकची खुर्ची, मध्ये स्टूल आणि स्टुलावर बुद्धिबळाचा पट, सगळं जिथल्या तिथं आहे. दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. कोणीतरी स्टूल बाजूला सरकवायला गेलं, तर मी नुसती बघत राहिले. माझ्या तोंडाकडे बघून त्या बाईंनी हात मागं घेतला. तेव्हापासून त्याला कोणी हात लावत नाही. आत्या झाडताना त्याच्याभोवतीनं झाडतात.

आणि आवाज येतो, मामा. तुम्ही सोंगटी उचलली की खाली ठेवण्याआधी दोनदा पटावर टेकवायचात, टक टक, मग ठेवायचात. मी स्वयंपाकघरात असले तरी त्या आवाजावरून मला कळायचं की तुम्ही खेळलात. परवा भर दुपारी तो आवाज आला आणि मी पदराला हात पुसत बाहेर आले. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडर भिंतीवर आपटत होतं. मी कॅलेंडर काढून कपाटात ठेवलं. आवाज आजही आला.

लोक भेटायला येतात आणि तुमच्याबद्दल बोलतात. कृषी खात्यात असताना आष्टी तालुक्यातलं एकही शिवार तुम्ही बघायचं सोडलं नाही, माणूस शब्दाचा पक्का होता, वगैरे. मी चहा देते आणि ऐकते. ते सगळं खरंच असेल. पण ते ज्यांच्याबद्दल बोलतात त्यांची माझी ओळख थोडी. माझी ओळख त्या माणसाशी, जो वजीर अडकला की नाकातल्या नाकात भजन म्हणायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "मी? न्हाई बा."

घरातले सगळे तुम्हाला आबा म्हणत. मी लग्न होऊन आले ती आमच्या सिरसाळ्याची सवय घेऊन, सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची. पहिलं वर्षभर मामा या शब्दापलीकडे तुमच्याशी माझं बोलणं झालं नसेल. डोक्यावर पदर, हातात ताट, तुमची नजर पेपरात. तुम्ही बुद्धिबळ खेळता हे मला ठाऊक होतं. बाजारपेठेत खताच्या दुकानासमोर तुमचा पट पडायचा आणि त्या कट्ट्यावर तुमच्यापुढं कोणी टिकत नाही हे तुमचा सतीश मला कौतुकानं सांगायचा. मी औरंगाबादला विद्यापीठाच्या संघातून खेळले आहे, हे मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. लपवलं असं नाही. विचारलंच नव्हतं कोणी.

त्या दिवशी तुमचे जोडीदार कादरभाई आले नाहीत. तुम्ही घरीच पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळत बसलात. मी चहा ठेवायला आले आणि तुम्ही काळा घोडा उचललात. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तो उचलता येणार नाही. मागं राजा आहे."

तुम्ही घोडा हातात धरून वर पाहिलंत. मला वाटलं आता रागावणार. तुम्ही म्हणालात, "तुला कळतं यातलं?"

"थोडं."

"बस मंग."

मी आत बघितलं. आत्या धुण्याला गेल्या होत्या. बसले. तुम्ही सोंगट्या मांडल्या आणि मला पांढऱ्या दिल्यात, लहान पोराला देतात तशा. चहा गार झाला. आत्या परत आल्या तेव्हा तुमचा राजा कोपऱ्यात होता आणि माझा हत्ती त्याच्यासमोर. तुम्ही उठून चपला घालून बाहेर निघून गेलात.

आत्यांनी मला त्या रात्री जेवताना सुनावलं. "सासऱ्याला हरवतंय का कुणी? काय म्हणतील लोक?" मीही घाबरले होते. तुम्ही दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाहीत.

पुढचं मला कादरभाईंकडून कळलं, पुष्कळ उशिरा. तुम्ही त्या संध्याकाळी तडक कट्ट्यावर गेलात आणि बसायच्या आधी सगळ्यांना सांगितलंत, "आमच्या सुनेनं आज मला मात दिली." लोक हसले. कोणी म्हणालं, आबा, पोरीचं मन राखलं का? तुम्ही म्हणालात, "मन राखायला टाइमच दिला न्हाई तिनं." मग कोणीतरी विचारलं, सुनेशी हरलात ते असं चारचौघांत काहून सांगता? तर म्हणालात, "घरात हरलोय बे. घरातच ऱ्हायलं की."

मला तुम्ही यातलं काहीच सांगितलं नाहीत. तिसऱ्या दिवशी पट घेऊन बसलात आणि आतल्या बाजूला तोंड करून, जणू भिंतीशी बोलताय असं म्हणालात, "रेखा, पुन्हा मांड."

त्यानंतर आपण किती डाव खेळलो असू? शाळा सकाळची, दुपारी मी मोकळी. ती शाळासुद्धा तुमच्यामुळे. आत्या नको म्हणत होत्या आणि सतीश गप्प होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या तिला. एवढं डोकं माझ्या एकट्याच्या मागं काहून लावून ठेवायचं?" मी गणित शिकवायला जाऊ लागले. पोरांना उदाहरण घालताना अजून कधी कधी तुमचा चेहरा समोर येतो, भुवया वर, ओठ मुडपलेले.

तुम्ही आजोबांकडून शिकलेलं बुद्धिबळ खेळायचात. राजाला हत्तीआड लपवणारा किल्लेकोट त्यात नव्हता. राजाला शह लागला नसेल तर त्याला एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची. तुमचा राजा उडी मारून निसटला की मी म्हणायचे, हे नियमात नाही. तुम्ही म्हणायचात, "कुणाच्या? जीवावर बेतल्यावर माणूस उडी मारतो का कोट बांधत बसतो?" शेवटी ठरलं, एक डाव तुमच्या नियमांनी, एक माझ्या. तुमच्या नियमांनी सुद्धा तुम्ही हरायचात. पण तुमच्या नियमांनी हरलात तर चेहरा जरा बरा असायचा.

तुम्ही कधी जिंकला नाहीत असं सगळे समजतात. तुम्हीही तसंच धरून चाललात. इथंच आपला वाद अडकला, आणि तो मिटवायला आता समोर कोणी नाही, म्हणून मी एकटीच बोलते.

गेल्या पावसाळ्यात तुम्हाला जिना चढताना धाप लागायला लागली. सतीश तुम्हाला नगरला घेऊन गेला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या नळ्या बंद होत आल्यात, पुण्याला नेऊन ऑपरेशन करावं लागेल. तुम्ही संध्याकाळी परत आलात, हातपाय धुतलेत, आणि कोणी काही बोलायच्या आत म्हणालात, "रेखा, मांड." आत्या डोळे पुसत होत्या. मला कळेना काय करावं. सतीशनं डोळ्यांनी खूण केली, खेळ.

आपण खेळलो. आणि तुम्ही मला हरवलंत, मामा. तुम्ही प्यादं पुढं टाकलंत आणि मी ते आमिष आहे हे न ओळखता मारलं; मग तुमचा हत्ती आला आणि माझा घोडा दोन्हीकडून सापडला. माझ्या चुकीपेक्षा तुमचा सापळा मोठा होता. तुम्ही इतकं चांगलं त्याआधी कधी खेळला नव्हतात. मी राजा आडवा केला आणि मला आनंद झाला, खरा आनंद, त्या दिवशीसुद्धा. मी म्हणाले, "मामा, जिंकलात."

तुम्ही पटाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, "घोडा मुद्दाम सोडला तू."

"नाही, मामा."

"आज माझी दया आली तुला."

"शपथ घेऊ का?"

"नको. ही धरायची न्हाई." आणि तुम्ही सोंगट्या डब्यात टाकायला लागलात, मूठ मूठभर, एरवी एकेक पुसून ठेवणारे तुम्ही.

मी कितीदा तो डाव पुन्हा मांडून दाखवला. इथं तुम्ही हे खेळलात, इथं मला दिसलं नाही. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि शेवटी तेच. "तुला दिसलं न्हाई असं व्हतच न्हाई." एवढा विश्वास कोणी माझ्या डोक्यावर ठेवला नव्हता. आणि त्याच विश्वासापायी माझ्या शब्दावर तुमचा विश्वास राहिला नाही. रडावं की भांडावं ते कळत नसे. मी बहुतेक वेळा भांडले.

ऑपरेशनचं तुम्ही टाळत राहिलात. आधी दिवाळी होऊ द्या. मग कांदा निघू द्या. सतीश चिडायचा, तुम्ही पेपर उलटायचात. एकदा जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "आबा, एकदाच सांगा, जायचं की नाही?" तुम्ही ताकाचा घोट घेतलात आणि माझ्याकडे बोट केलंत.

"हिच्याशी एक डाव खरा जिंकतो. मंग पुण्याला न्या. कुठं कापायचं तिथं कापा."

आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला, आणि लक्षात आलं की हा माणूस खरंच अट घालून बसला आहे.

सतीशनं मला गच्चीवर गाठलं. मी वाळलेले कपडे काढत होते. म्हणाला, "हरून टाक ना एकदा. तुझं काय जातंय?"

"त्यांना कळतं."

"कसं कळेल? तू त्यांच्यापेक्षा चांगली खेळतेस. कळणार नाही असं हर."

"मी खरी हरले तेव्हासुद्धा त्यांना कळलं होतं, सतीश."

त्यानं माझ्या हातातली चादर घेतली, घडी घातली, आणि खाली निघून गेला. त्या दिवसापासून तो घरी आला की आधी पटाकडे बघायचा. आत्याही बघायच्या. त्यांना चाली कळत नव्हत्या, पण कोणाच्या सोंगट्या जास्त बाहेर पडल्यात ते मोजता येत होतं. माझ्या बाजूला तुमची प्यादी वाढली की त्यांचा चेहरा उतरायचा.

खोटं हरायचं नाही हे मी मनाशी ठरवलं होतं. तुम्ही ओळखलं असतंत तर पुन्हा कधी पटावर बसला नसतात, आणि पुण्याचं नाव तर काढू दिलं नसतंत. पण खरं खेळणंही मला जमेना. प्रत्येक चालीला हात जड. तुमची प्यादी मारताना माझी बोटं थरथरायची. मी जिंकायचे आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहायचे. तुम्ही म्हणायचात, "पुन्हा मांड." तुमचा आवाज बारीक होत चालला होता. बोलताना मध्येच थांबायचात, श्वासासाठी.

शेवटचा डाव माझ्या नियमांचा होता. आदल्या दिवशी अर्धा राहिला होता. ऊन तापायला लागलेलं, शाळेतून येईपर्यंत माझं डोकं दुखत होतं. आपण बसलो. माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं. तुमचं आणखी एक प्यादं एकटं पडलेलं दिसलं आणि मी माझा हत्ती मागच्या ओळीतून काढून ते मारलं. हात सोडला, आणि सोडताच मला दिसलं.

माझा राजा स्वतःच्याच प्याद्यांमागं कोंडलेला होता. मागची ओळ राखायला आता एकटा उंट उरला. तुम्ही तुमचा घोडा त्या उंटासमोर टाकलात तर मी मेले. उंटानं घोडा मारला तर राखण सुटते आणि तुमचा हत्ती मागच्या ओळीत येऊन मात. नाही मारला तर तोच घोडा माझा हत्ती घेतो, कारण हत्तीला परत फिरायला जागा नव्हती.

ही चूक मी केली नव्हती, मामा, ती झाली. डोकं दुखत होतं, ऊन होतं, किती महिन्यांचं ओझं होतं, काही म्हणा. अशी चूक माझ्याकडून होऊ शकते यावर तुमचा कधीच विश्वास बसणार नव्हता. मी मान खाली घालून बसले. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून स्टुलाचा पाय बघत राहिले. तुमचा श्वास ऐकू येत होता. मनात एकच, घोडा बघा, मामा, घोडा. आणि लगेच दुसरं भय, बघितलात तर म्हणाल, पुन्हा दया केलीस.

तुम्हाला तुमचा घोडा द्यायला फार जड जायचं. वजीर द्याल, घोडा नाही. म्हणून मला आशा थोडी होती.

 तुम्ही खाकरलात. मी वर पाहिलं. तुमचे डोळे पटावर नव्हते, माझ्यावर होते. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं की नव्हतं, मी आता शपथेवर सांगू शकत नाही. तुम्ही म्हणालात,

"सापडली."

मी म्हणाले, "खेळा मग."

"उठल्यावर खेळतो. जरा पडतो आता." गुडघ्यावर हात ठेवून उठलात आणि आतल्या खोलीत गेलात.

चार वाजता आत्या चहासाठी उठवायला गेल्या. त्यांनी हाक मारली ती तुम्हाला नव्हती, मला होती. त्या हाकेवरूनच मला कळलं.

तेव्हापासून त्या एका शब्दाशी मी भांडते आहे. चाल सापडली म्हणालात? की मी सापडले? घोड्याची चाल दिसली आणि तुम्ही ती चहानंतर चवीनं खेळणार होतात? की माझी खाली घातलेली मान बघून तुम्हाला वाटलं, ही पुन्हा मुद्दाम हरायला निघाली, आणि चोर पकडल्यासारखं म्हणालात, सापडली? आपल्या भाषेत त्या एका शब्दात दोन्ही मावतं. तुम्ही जिंकल्याच्या समाधानात आडवे झालात की माझ्यावर रुसून, हे मला कळत नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबतो. तुमचे डोळे आठवतात. एखाद्या दिवशी त्यात आनंद दिसतो, एखाद्या दिवशी तो दिसत नाही.

सतीशच्या मित्रानं सांगितलं, वहिनी, मोबाइलमध्ये डाव टाका, काय खेळायला हवं होतं ते एका सेकंदात सांगेल. मी टाकला नाही. काय खेळायला हवं होतं ते मला माहीत आहे. तुम्ही काय खेळणार होतात ते त्या मोबाइलला कुठून कळणार?

घरात कोणी मला काही म्हटलं नाही. म्हणजे तोंडावर नाही. तेराव्याच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात नांदूरघाटच्या आत्या आल्या होत्या, तुमच्या बहीण. माझ्या सासूबाई त्यांच्याशी बोलत होत्या. मी पाणी घेऊन दारापर्यंत गेले आणि ऐकलं. "एकदा हरली असती पोरगी, तर काय बिघडलं असतं?" आवाजात राग नव्हता. थकलेल्या होत्या फक्त. मी पाणी तिथंच ओट्यावर ठेवलं आणि परत फिरले. सतीशही त्या दिवसांत माझ्याशी घरच्या कामापुरतं बोलायचा. झोपेत कूस बदलायचा आणि मला ठाऊक असायचं की तो जागा आहे.

मी त्यांना सांगू शकत होते की शेवटच्या डावात मी हरतच होते. सांगितलं नाही. तुमच्यासारखा त्यांचाही विश्वास बसला नसता, म्हणाले असते, आता काय बी म्हणती.

गेल्या रविवारी कादरभाई आले. मयतीला आले होते तेव्हा गर्दी होती, बोलणं झालं नव्हतं. एस.टी.तून रिटायर झालेला एवढा धिप्पाड माणूस, दारात आल्यावर लहान दिसला. तुमच्या दिवाणावर बसायचं त्यांनी टाळलं, खाली सतरंजीवर बसले. सतीश होता, आत्या दाराच्या चौकटीला टेकून होत्या. पटाकडे बघून कादरभाईंनी विचारलं, "हाच का तो?" मी मान हलवली. त्यांनी थोडं वाकून पाहिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काही उमगलं असं वाटलं नाही. ते तुमच्याशी हरायलाच बसायचे.

मग सतीशला म्हणाले, "गाडीचं तर राहूनच गेलं. मी भाच्याला सांगून टाकलं, आता नको म्हणून."

"कसली गाडी?"

कादरभाईंनी आमच्या तिघांकडे पाहिलं. "आबांनी सोमवारची गाडी सांगितली होती की. पुण्याला जायला. तुमाला ठाव न्हाई?"

आत्या चौकट सोडून पुढं आल्या.

"गेले त्याच्या दोन दिस आधी कट्ट्यावर आले होते," कादरभाई म्हणाले. "म्हणले, कादर, भाच्याची मोठी गाडी सांग, मागं आडवं पडता यायला पायजे. मी म्हणलं, जिंकले का मंग? तर म्हणले, जिंकू नाहीतर हरू, जायचं. पोरगी आता डाव खेळत न्हाई, माझा जीव राखत बसती. हात कापतो तिचा. असल्या डावात मजा न्हाई ऱ्हायली. म्हणले, परत येतो आन मंग हरवतो तिला." त्यांनी डोळे पुसले. "घरी बोलू नको म्हणले. रविवारी सांगतो, तवर आमचा खेळ चालू दे."

सतीश उठला आणि बाहेर गेला. फाटकाजवळ पाठमोरा उभा राहिला. कादरभाई गेल्यावर मी त्याच्याजवळ गेले. त्यानं माझ्याकडे न बघताच माझं मनगट धरलं, घट्ट, आणि सोडलं नाही. शेजारचे लोक बघत होते, तरी सोडलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मामा, माझ्या बोटांची थरथर तुम्हाला दिसत होती तर. मला वाटायचं तुम्ही फक्त पट बघता. तुम्ही गाडी सांगून आलात आणि माझ्यासमोर येऊन मांड म्हणालात, जणू काही ठरलंच नाही. तेव्हाच मला सांगितलं असतंत तर ते दोन दिवस मी मोकळ्या हातानं खेळले असते. कदाचित तो हत्ती हलवला नसता. कदाचित तुम्ही हरला असतात आणि चिडून उशिरा आडवे झाला असतात आणि... पण हे मी किती लांब नेऊ?

कादरभाईंचं बोलणं ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हे खरं आहे. ते कुठं जाऊन बसलं ते मला संध्याकाळी कळलं.

सतीश बाजारात गेला होता. मी पटासमोर माझ्या खुर्चीत बसले होते, हल्ली बसते तशी. आत्या आल्या आणि दिवाणाच्या टोकाला टेकल्या. तुमच्या जागेवर नाही, बाजूला. पटाकडे बघत होत्या.

"जिंकले असते का गं?"

"घोडा बघितला असता तर, हो. मी हरतच होते, आत्या."

"बघितला असंल का?"

"माहीत नाही. सापडली म्हणाले. तेवढंच म्हणाले आणि उठले." हे मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होते.

त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाल्या, "गाडी सांगितली ते कादरला सांगितलं. माझ्यापाशी काहून बोलले न्हाई?"

 याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं, मामा. एवढा संसार केलात त्यांच्यासोबत. त्यांनी तुमच्या गोळ्या वेळेवर दिल्या, तुमच्यासाठी मीठ सोडलं, सोमवार धरले. तुम्ही त्यांना चाली शिकवल्या नाहीत आणि मनातलंही सांगितलं नाहीत. हे मी आधी तुम्हाला बोलायला हवं होतं. आपल्या दोघांच्या दुपारच्या खेळात मलाही ते कधी दिसलं नाही.

"तुला एक शब्द तरी ठिवून गेले," आत्या म्हणाल्या. "आत आले तवा मी तिथंच व्हते. मला म्हणले, दार लोट, ऊन येतंय."

 पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"मी लोटलं. आन बाहेर लसूण सोलत बसले."

मी खुर्चीतून उठले. पट तसाच राहिला. मी दिवाणावर त्यांच्याजवळ जाऊन बसले, तुमच्या जागेवर, आणि त्यांनी डोकं माझ्या खांद्याला टेकवलं.